धारेचा हिशेब : लोणारचे खारे पाणी आणि विद्युतरसायनाचे गणित

विद्युतरासायनिक प्रयोगात मोजली जाणारी धारा ही मुळात एक मोजदाद असते. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण झाली, एवढेच अॅमीटर सांगतो. ती देवाणघेवाण कशामुळे झाली आणि कुठे अडली, हे त्या आकड्यात दिसत नाही. एकाच धारेत अनेकांचे वाटे मिसळलेले असतात. काही धारा पृष्ठभागावर विद्युतभार साठवण्यात जाते, काही खऱ्या अभिक्रियेत. अभिक्रियेचा वेगही कधी पृष्ठभागावरच्या अडथळ्याने ठरतो, तर कधी द्रावणातून माल येण्याच्या गतीने. हे वाटे वेगळे करणे हेच या विषयातल्या गणिताचे काम.

उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातलेच घेता येते. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या लोणारच्या विवरात जे पाणी साचले आहे ते खारे तर आहेच, शिवाय सोड्याने भरलेले आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये या क्षारांची दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारी आढळते. म्हणजे या पाण्याचे रसायन व्यापाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखले होते. मोहालीच्या 'आयसर' संस्थेत सुनील पाटील यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोणारच्या सूक्ष्मजीवांपासून इलेक्ट्रोडवर एक जैवथर वाढवण्यात आला. माध्यमाचा पीएच ९.५ आणि क्षारता लिटरला २० ग्रॅम होती. संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.२ व्होल्टवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडवरचे हे जीव अॅसिटेट खाऊन त्यातले इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देत होते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५४८ मायक्रोअॅम्पिअर धारा मिळाली. जैवथरातील सुमारे ८० टक्के जीव जिओअल्कलिबॅक्टर या वंशाचे निघाले. पुढचा सगळा हिशेब या ५४८ च्या आकड्याभोवती फिरतो.

पहिली पायरी फॅरेडेची. १८३०च्या दशकात त्याने दाखवून दिले की वाहिलेला विद्युतभार आणि बदललेला पदार्थ यांचे प्रमाण ठरलेले असते. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कूलोम. अॅसिटेटचा एक रेणू पूर्ण ऑक्सिडीकृत झाला की आठ इलेक्ट्रॉन सुटतात. ५४८ मायक्रोअॅम्पिअरला ९६,४८५ ने आणि मग आठने भागले की उत्तर येते : दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला सुमारे ७ गुणिले दहाचा उणे दहावा घात इतके मोल अॅसिटेट. दिवसाच्या भाषेत सांगायचे तर बोटाच्या नखाएवढ्या जागेवरचा थर चोवीस तासांत साधारण साडेतीन मिलिग्रॅम अॅसिटेट फस्त करतो. खाल्लेल्यातले काही जीवांच्या वाढीलाही जाते, म्हणून प्रत्यक्ष खाणे याहून थोडे जास्तच. एवढा भाग शाळेच्या अंकगणितात बसतो. अवघड भाग यापुढे आहे, कारण फॅरेडेचा नियम हिशेब जुळवतो, वेग समजावत नाही.

वेगाचा प्रश्न आला की पहिल्यांदा ओहमचा नियम आठवतो. विभवांतर दुप्पट केले की धारा दुप्पट, असे इथे क्वचितच घडते. तरी ओहमचा वाटा असतोच : द्रावणाचा रोध. लिटरला २० ग्रॅम मिठाच्या द्रावणाची वाहकता २५ अंश सेल्सियसला सेंटिमीटरला ३० मिलिसीमेन्सच्या आसपास असते. समोरासमोरच्या सपाट इलेक्ट्रोडमध्ये ५४८ मायक्रोअॅम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटर धारा वाहत असेल, तर एका सेंटिमीटर अंतरात जेमतेम १८ मिलिव्होल्ट खर्ची पडतात. तीच धारा अर्ध्या मिलिसीमेन्सच्या गोड्या विहिरीच्या पाण्यातून नेऊ गेले तर तेवढ्याच अंतरात एक व्होल्टहून जास्त जाईल. विवराच्या काठावरच्या गोमुखाच्या गोड्या धारेत आणि खालच्या सरोवरात चालत काही मिनिटांचे अंतर असेल. गणिताच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे आहेत. खाऱ्या पाण्यात रोधाचा वाटा इतका लहान की तो वजा करून बाजूला ठेवता येतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हे याच जिल्ह्याचे दुसरे उदाहरण. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या विहिरींचे पाणी तपासताना जो वाहकता-मापक वापरला जातो, त्याला फक्त हा रोधाचा वाटाच हवा असतो. म्हणून तो एकदिश धारा वापरत नाही, उलटसुलट होणारी वापरतो. दिशा इतक्या झपाट्याने बदलते की पृष्ठभागावर अभिक्रिया साचायला सवडच मिळत नाही आणि उरतो तो नुसता पाण्याचा रोध. विद्युतरासायनिक प्रयोगात नेमके याच्या उलट हवे असते. तिथे पृष्ठभागच बोलायला हवा.

पृष्ठभागाजवळ पहिला वाटेकरी असतो विद्युत द्विस्तर. इलेक्ट्रोडवर भार आला की द्रावणातले विरुद्ध भाराचे आयन समोर गोळा होतात आणि दोन रांगांमध्ये एक धारित्र तयार होते. हेल्महोल्ट्झने ते साध्या समांतर पट्ट्यांसारखे मानले. गुई आणि चॅपमन यांनी आयन पातळ होत जाणारा ढग धरला. स्टर्नने १९२४ मध्ये दोन्ही जोडले. गुळगुळीत धातूवर ही धारिता चौरस सेंटिमीटरला वीसेक मायक्रोफॅरड असते. विभव दर सेकंदाला १०० मिलिव्होल्टने वाढवला तर या धारित्राला भरायला दोन मायक्रोअॅम्पिअर लागतात. अभिक्रिया नसली तरी एवढी धारा वाहतेच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आलेखाचा पाया वर उचललेला दिसतो तो याच्यामुळे, आणि बऱ्याचदा ते उपकरणाचा दोष समजून सोडून दिले जाते.

दुसरा वाटेकरी म्हणजे इलेक्ट्रॉन उडी मारण्याचा वेग. यूलिउस टाफेलने १९०५ मध्ये दाखवले की जादा विभव (समतोलाच्या विभवाहून जास्त दिलेला) आणि धारेचा लॉगॅरिदम यांचा आलेख सरळ रेषेत येतो. बटलर आणि फोल्मर यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण त्यातून घडले. पुढे जाणारी आणि मागे येणारी अभिक्रिया, दोन्ही घातांकी. प्रत्यक्षात मोजली जाते ती त्यांची वजाबाकी. २५ अंशांना, एका इलेक्ट्रॉनाच्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या अडथळ्याच्या अभिक्रियेत, दर ११८ मिलिव्होल्टला धारा दहापट होते. जादा विभव दहा मिलिव्होल्टांच्या आत असेल, तर घातांकी फलनाचा तो छोटा तुकडा सरळ रेषेसारखाच दिसतो आणि ओहमचा नियम परत आल्याचा भास होतो. त्या भासाचा उपयोगही होतो. लोखंडाचे गंजणे मोजण्याची एक नेहमीची पद्धत त्यावरच चालते.

धारा दहापट, शंभरपट, हजारपट होत राहील असे या समीकरणावरून वाटते. प्रत्यक्षात ती कुठेतरी थांबते, कारण पृष्ठभागाजवळचा माल संपतो. इथून विसरणाचे राज्य सुरू होते, आणि या विषयातले सगळ्यात सुंदर गणितही.

अडोल्फ फिकने १८५५ मध्ये मांडलेला नियम असा : पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो, आणि ज्या ठिकाणी संहतीच्या आलेखाला वळण आहे तिथेच ती काळानुसार बदलते. त्यातून येणारे अवकल समीकरण उष्णतावहनाचेच आहे; तव्याच्या दांड्याची ऊब हातापर्यंत येते ती याच समीकरणाने. इलेक्ट्रोडवर एकदम इतका विभव दिला की पृष्ठभागावर पोचणारा प्रत्येक रेणू ताबडतोब संपतो, तर धारा काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. फ्रेडरिक कॉट्रेलने हे सूत्र १९०३ मध्ये दिले. त्याच माणसाने पुढे चिमणीच्या धुरातली राख विजेने पकडण्याचे तंत्र काढले, आणि विदर्भातल्या औष्णिक वीजकेंद्रांचा धूर आज त्याच तत्त्वावर स्वच्छ केला जातो. पण विद्युतरसायनात त्याचे नाव टिकले ते या एका वर्गमूळामुळे.

आकडे घालून पाहावे. तीन मिलिमीटर व्यासाची कार्बनची चकती, द्रावणात लिटरला एक मिलिमोल पोटॅशियम फेरोसायनाइड, भरपूर मीठ. पहिल्या सेकंदाच्या शेवटी धारा सुमारे ९.८ मायक्रोअॅम्पिअर. चार सेकंदांनी ४.९, नऊ सेकंदांनी ३.३, शंभर सेकंदांनी एकाच्या जरा खाली. या काळात पृष्ठभागासमोरचा रिकामा थर वाढत जातो. सेकंदाअखेरीस तो ०.०४५ मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढा असतो. शंभर सेकंदांनी तो दहापट होतो. त्यानंतर मात्र खोलीतल्या पंख्याचे हादरे, द्रावणातले ऊनगारपणाचे प्रवाह यांनी तो मोडतो आणि सूत्र हातातून सुटते. म्हणून कॉट्रेलचे सूत्र काही क्षणांपुरते खरे असते, आणि जाणकार ते तेवढ्यापुरतेच वापरतात.

वर्गमूळ कुठून आले? विसरणाचे समीकरण स्थळात दुसऱ्या आणि काळात पहिल्या कोटीचे आहे. लाप्लास रूपांतराने काळाचे अवकलन साध्या गुणाकारात बदलते, आणि मग स्थळाचे समीकरण सोडवताना त्या गुणकाचे वर्गमूळ काढावे लागते. उलट रूपांतर करून काळात परतले की ते वर्गमूळ काळाच्या पोटात बसते. पण याचा अर्थ अधिक खोल आहे. गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे अवकलनाचे अर्ध, अर्धी कोटी. लायब्निट्झने १६९५ मध्ये लोपितालला लिहिलेल्या पत्रात अर्ध्या अवकलनाचा विचार केला होता. त्याला पुढे एक उपयोग सापडला तो या क्षेत्रात. कीथ ओल्डहॅम आणि जेरोम स्पॅनियर यांचे १९७४ चे अपूर्णांकी कलनावरचे पुस्तक विद्युतरसायनाच्या गरजेतूनच आले. मोजलेल्या धारेचे अर्धे समाकलन केले की पृष्ठभागावरची संहती किती उतरली ते थेट मिळते, विभव कसाही बदलला असो. या अर्ध्या समाकलनात भूतकाळातल्या प्रत्येक क्षणाच्या धारेला वजन असते, आणि ते वजन उलटलेल्या काळाच्या वर्गमूळाने कमी होत जाते, शून्य कधीच होत नाही. आत्ताची धारा प्रयोगाच्या पहिल्या क्षणापासूनचे सगळे लक्षात ठेवते. साध्या रोधाला अशी स्मृती नसते.

प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेरोव्हस्कीने १९२२ मध्ये सुरू केलेली पोलॅरोग्राफी या स्मृतीला चुकवण्याची एक नामी युक्ती होती. पारा केशनलिकेतून थेंबाथेंबाने गळतो. प्रत्येक थेंबाबरोबर पृष्ठभाग नवा आणि इतिहास कोरा. थेंब वाढताना त्याचे क्षेत्रफळ काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, विसरण त्याच वेळी अर्ध्या घाताने उतरते; उरतो एक-षष्ठांश घात. १९३४ मध्ये इल्कोव्हिचने त्यात आणखी एक दुरुस्ती घातली. फुगणाऱ्या थेंबाबरोबर विसरणाचा थर ताणून पातळ होतो, म्हणून धारा सात-तृतीयांशाच्या वर्गमूळाइतक्या पटीने वाढते. हेरोव्हस्कीला १९५९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ती पद्धत आता मागे पडली आहे.

आजच्या प्रयोगशाळेत नेहमीचा प्रयोग म्हणजे विभव एका सरळ चढावर नेऊन परत आणणे. धारा आधी चढते, मग शिखर गाठून उतरते. चढ अभिक्रियेचा, उतार विसरणाचा. रँडल्स आणि शेव्हचिक यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे शिखराची उंची काढली, आणि १९६४ मध्ये निकोल्सन आणि शेन यांनी त्या समाकल समीकरणाचे आकडे नीट बसवले. शिखराचा गुणक ०.४४६३. हा आकडा पाय (π) किंवा वर्गमूळांच्या साध्या मिश्रणात लिहिता येत नाही, अंकगणिताने घासूनच तो काढावा लागतो. शिखर विभवाच्या वेगाच्या वर्गमूळाने वाढते, धारित्राची धारा मात्र थेट वेगाच्या प्रमाणात. म्हणजे वेग चौपट केला की पहिला वाटा दुप्पट, दुसरा चौपट. वेग बदलत जाऊन वाटे वेगळे करण्याची ही सोपी रीत आहे.

जिथे सूत्र हाती लागत नाही तिथे संगणक लागतो. इलेक्ट्रोडसमोरचे द्रावण पातळ चकत्यांत कापायचे, काळही छोट्या टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्प्याला प्रत्येक चकतीने शेजाऱ्यांशी किती देवाणघेवाण केली ते मांडायचे. स्टीफन फेल्डबर्गने १९६०च्या दशकात ही रीत विद्युतरसायनात रुजवली. कागदावरही ती करून पाहता येते. सगळ्या चकत्यांत १००, पृष्ठभागावर कायम शून्य. विसरणगुणांक, काळाचा टप्पा आणि चकतीची जाडी यांतून बनणारे गुणोत्तर पाव धरले, तर पहिल्या चकतीत ओळीने ७५, ६२.५, ५४.७ असे आकडे येतात. दुसरीत १००, ९३.७५, ८७.५. हळूहळू रिकामे होणारे पाणी स्पष्ट दिसते. आता घाई करून काळाचा टप्पा चौपट मोठा घेतला, म्हणजे गुणोत्तर एक केले. पहिल्या टप्प्याला चकतीत शून्य, दुसऱ्याला पुन्हा १००, तिसऱ्याला उणे १००. उणे संहती! पदार्थ नाही एवढेच नव्हे, तर उधारीवर आहे. गुणोत्तर अर्ध्याच्या वर गेले की असे होते. समीकरणात चूक नसते, घाईत असते. क्रँक आणि निकोल्सन यांनी १९४७ मध्ये उष्णतावहनासाठी दिलेली रीत, जी आत्ताची आणि पुढची स्थिती एकत्र धरून सोडवते, या पेचातून बरीच सोडवणूक करते. शिवाय चकत्या सगळ्या सारख्या कापायची गरज नसते. पृष्ठभागाजवळ बारीक, पुढे जाड. फेरोसायनाइडच्या दहा सेकंदांच्या प्रयोगाला अर्धा मिलिमीटर खोलीचे पाणी पुरते, पलीकडे काही घडलेलेच नसते.

लोणारच्या जैवथराकडे परतले की या सगळ्या रीतींना एक नवा पाहुणा भेटतो : जिवंत उत्प्रेरक. थर कितीही भुकेला असला तरी विभव वाढवत गेल्यावर धारा एका पातळीला टेकते, कारण जीवांच्या खाण्याला मर्यादा आहे. अँड्र्यू काटो मार्कस, सेझर टोरेस आणि ब्रूस रिटमन यांनी २००७ मध्ये यासाठी विभवाचे नेर्न्स्ट समीकरण आणि जीवांच्या खाण्याच्या वेगाचे मोनो समीकरण जोडले. कमाल धारेचा किती भाग मिळेल हे विभवावर एका नागमोडी वक्राने ठरते, आणि वक्राचा अर्धा बिंदू एका विशिष्ट विभवावर असतो. पोलॅरोग्राफीची लाट आणि ही लाट दिसायला सारख्या. पहिलीत माथा विसरणाने ठरतो, दुसरीत पोटाने.

पण खरा अडसर कुठे आहे? थराची जाडी शंभर मायक्रोमीटर मानून हिशेब मांडता येतो. आत येणाऱ्या अॅसिटेटला ५४८ मायक्रोअॅम्पिअरची गरज भागवण्यासाठी थराच्या आत-बाहेर लिटरला अर्ध्या ते पाऊण मिलिमोलचा संहतीफरक पुरतो. अन्नाची टंचाई सहज टळते. अडचण कचऱ्याची आहे. अॅसिटेटच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला जातात आणि नऊ प्रोटॉन मागे राहतात. ते पाण्यातून नुसत्या विसरणाने बाहेर जायचे म्हटले तर आतला पीएच ३ च्या जवळ उतरावा लागेल. बाहेरून आत येणारे हायड्रॉक्साइड आयनही पीएच ९.५ ला चाळिसाव्या हिश्शाएवढेच काम करतील. क्षारप्रेमी जीव त्या आंबट पाण्यात जगणार नाहीत. तरी धारा वाहते, कारण पाण्यात सोडा आहे. कार्बोनेट आयन आत येतो, प्रोटॉन उचलतो, बायकार्बोनेट होऊन बाहेर जातो. या वाहतुकीला लिटरला सहा-सात मिलिमोलचा फरक पुरेसा होतो, आणि लोणारच्या पाण्यात कार्बोनेट त्याहून विपुल असते. या जोडीचा पीकेए (ज्या पीएचला दोघे निम्मे-निम्मे असतात तो) गोड्या पाण्यात १०.३, खाऱ्यात त्याहून खाली, ९.५ च्या पीएचला ती जोडी जवळजवळ पूर्ण जोमात असते. पापड फुलवणारा खार इथे आम्ल वाहून नेण्याची हमाली करतो. जैवथराच्या प्रतिमानात हे बफर वगळले तर समीकरणे मोजलेल्या धारेच्या जवळही पोचत नाहीत.

सरोवर मात्र एका जागी थांबत नाही. जून २०२० मध्ये पाणी उतरून क्षारता वाढली आणि ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी जीव असल्याचे सांगितले. क्षारता बदलली की वाहकता, विसरणगुणांक, पीकेए, सगळे आकडे सरकतात. म्हणून प्रतिमानात एका मोसमाचे आकडे दुसऱ्या मोसमाला घालता येत नाहीत.

शेवटी उलटा प्रश्न उरतो. धारेचा आलेख हाती आहे. त्यातून वेगस्थिरांक, विसरणगुणांक, थराची जाडी काढायची. एकच आलेख दोन-तीन वेगळ्या आकड्यांच्या संचांनी सारखाच जुळतो, आणि जुळलेली रेषा पाहून समाधान मानण्याचा मोह होतो. यावर उपाय वेगवेगळ्या वाटांनी मोजण्याचा. पाच-दहा मिलिव्होल्टची लहान लहर वेगवेगळ्या वारंवारतेने दिली की धारित्र उच्च वारंवारतेला बोलते, इलेक्ट्रॉनाची उडी मधल्या पट्ट्यात, आणि विसरण सगळ्यात मंद वारंवारतेला. जॉन रँडल्सने १९४७ मध्ये हे सगळे एका परिपथात मांडले. वारबुर्गने १८९९ मध्येच दाखवले होते की विसरणाचा वाटा आलेखावर ४५ अंशांची रेष काढतो, कारण तो रोधही नसतो आणि धारित्रही नसतो, दोघांच्या बरोबर मध्ये असतो : पुन्हा तेच अर्ध्या कोटीचे अवकलन. जिवंत जैवथराची रेष अनेकदा ४५ अंशांवरून ढळते. ती किती आणि कोणत्या वारंवारतेला ढळली, यावरून थरातल्या वाहतुकीचा अंदाज बांधला जातो.